हाडांत साठलेलं शिसं

लेखमाला : दिवस भरेपर्यंत / लेखांक ६

येवल्याच्या पैठणीला लागणारी जर सुरतेहून येते. चांदीची नाहीतर तांब्याची तार ओढून ओढून केसासारखी बारीक करायची, चपटी करून तिचा बादला करायचा, तो धाग्यावर गुंडाळून कसब करायचं आणि वर सोन्याचा मुलामा चढवायचा, हा उद्योग तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. सुरतेची ओळख कापडाचं आणि हिऱ्यांचं शहर अशी करून दिली जाते, पण धातू तिथे जागोजाग आहे. रंगाई-छपाईच्या काही रंगांत क्रोमियम आणि तांबं असतं. सोनाराच्या डाखात धातू, भंगारातल्या बॅटरीत धातू. आणि या सगळ्याच्या अवतीभवती उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबं इतक्या संख्येने राहतात की महापालिकेला मराठी माध्यमाच्या शाळा चालवाव्या लागतात. तापीच्या वरच्या अंगाची ही माणसं नदी जिकडे जाते तिकडेच पोटामागे आली.

गेल्या आठवड्यात आपण उष्णता आणि चुलीचा धूर पाहिला. आज जड धातू. जरीतली चांदी आणि तांबं हे आजचे आरोपी नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. आरोपी आहे मुख्यतः शिसं, आणि त्याच्या खालोखाल कॅडमियम. आर्सेनिक आणि पारा यांचंही नाव या प्रकरणात येतं, पण सगळ्यांना एका लेखात कोंबलं तर एकाचंही नीट होणार नाही.

आकडे थोडक्यात. सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ ते अपुऱ्या दिवसांचं. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली, त्यांतली ३० लाखांच्या वर भारतात. जगातल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त. आपल्याकडे अजूनही म्हातारी माणसं सांगतात की सातव्या महिन्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही. हे पूर्ण उलटं आहे. पोटात काढलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा फुप्फुसांच्या, मेंदूच्या, आतड्यांच्या कामाला येतो, आणि आठव्यातल्या बाळाची बाजू सातव्यातल्यापेक्षा नेहमीच भक्कम असते.

शिसं आणि गर्भ यांचं वैर नवं नाही. १८६० मध्ये कॉन्स्टँटिन पॉल या फ्रेंच डॉक्टराने शिशाचं काम करणाऱ्या बायकांची बाळंतपणं तपासून लिहिलं की त्यांच्यात गर्भपात आणि मृत जन्म विलक्षण जास्त आहेत, आणि नवरा शिशात काम करत असेल तरी घरी परिणाम दिसतो. इंग्लंडात शेफिल्ड शहराचं पाणी शिशाच्या नळांतून यायचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला तिथे शिशाची विषबाधा पसरली, तेव्हा बायकांच्या ध्यानात आलं की ज्यांना बाधा झाली त्यांचे गर्भ पडतायत. मग नको असलेला गर्भ पाडायला त्या भागात शिशाच्या मलमाच्या गोळ्या गिळण्याची चाल पडली. १९०५ साली ब्रिटिश डॉक्टर त्याबद्दल वैद्यकीय मासिकात लिहीत होते. म्हणजे गरीब बायकांनी स्वतःच्या अंगावर जे ताडून पाहिलं होतं, त्यावर वैद्यकाने उशिरा शिक्कामोर्तब केलं.

हे झालं भरपूर शिशाचं. आजचा प्रश्न थोड्या शिशाचा आहे, जे अंगात असून बाई हिंडती-फिरती असते, जेवते, कामाला जाते, आणि तिला काहीच जाणवत नाही. ऑस्ट्रेलियात पोर्ट पिरी नावाचं शिसं वितळवणाऱ्या कारखान्याचं गाव आहे. १९७९ पासून तिथल्या गर्भवतींच्या रक्तातलं शिसं मोजलं गेलं, आणि ज्यांच्या रक्तात ते जास्त त्यांची अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं जास्त, असं दिसलं. आपल्याकडे लखनऊच्या झोपडपट्ट्यांतल्या ५०० गर्भवतींचं रक्त तपासलं गेलं आणि १९९६ मध्ये निष्कर्ष छापून आले. एक डेसिलिटर रक्तात सरासरी १४ मायक्रोग्रॅमच्या वर शिसं होतं. जागतिक आरोग्य संघटना आज ५ मायक्रोग्रॅमला सावध व्हा म्हणते. त्यातल्या बहुतेक बायका काही शिशाच्या कारखान्यात कामाला नव्हत्या. त्या शहरात राहत होत्या, आणि त्या काळी पेट्रोलमध्ये शिसं घालत.

ते पेट्रोल देशभरातून २००० साली बंद झालं. छान झालं, संपलं, असं वाटेल. पण १९९३ साली सुरतेच्या किंवा जळगावच्या भरवस्तीत, रस्त्याकडेच्या घरात जन्मलेली मुलगी सात वर्षं त्या धुरात वाढली. आज ती बत्तीस-तेहतिशीची आहे आणि कदाचित दुसऱ्यांदा दिवस गेलेत. लहानपणी अंगात गेलेल्या शिशाचं पुढे काय झालं?

या लेखाचा गाभा इथे आहे. शरीराला शिसं आणि कॅल्शियम यांतला फरक नीट कळत नाही. दोघांचा विद्युतभार सारखा, वागणूक बरीचशी सारखी, त्यामुळे हाड बांधताना शरीर कॅल्शियमच्या जागी शिसंही बसवून टाकतं. रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्मं होतं, पण हाडातलं निम्मं व्हायला दहा, वीस, तीस वर्षंही लागतात. मोठ्या माणसाच्या अंगात जेवढं शिसं असतं, त्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त हाडांतच असतं. तिथे ते पडून राहिलं तर फारसा उपद्रव करत नाही. घरातल्या पोत्यात लपवलेल्या चोरीच्या मालासारखं, पोतं सुटेपर्यंत.

पोतं गरोदरपणात सुटतं. बाळाचा सांगाडा बांधायला कॅल्शियम लागतं, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत. आईच्या ताटात ते पुरेसं नसेल तर शरीर तिच्या हाडांतून काढतं, आणि त्याच्या जोडीने तिथलं जुनं शिसंही रक्तात उतरतं. हा तर्क खरा ठरला तो ऑस्ट्रेलियातच. ब्रायन गुलसन या शास्त्रज्ञाने दुसऱ्या देशांतून तिथे स्थायिक झालेल्या बायकांचा अभ्यास केला. वेगवेगळ्या खाणींतल्या शिशाच्या अणूंचं वजनी मिश्रण वेगवेगळं असतं, त्यावरून हे शिसं कुठलं ते ओळखता येतं. गरोदरपणी त्या बायकांच्या रक्तात वाढलेलं शिसं ऑस्ट्रेलियाचं नव्हतं. ते त्यांच्या मायदेशाचं, लहानपणीचं होतं. बाळंतपणानंतर दूध पाजताना ते आणखी वाढलं.

म्हणूनच सुरतेतल्या एखाद्या गर्भवतीला "हल्ली कुठे काम करतेस?" एवढंच विचारून भागत नाही. लग्नाआधी कुठे होतीस, बापाचा धंदा काय होता, घरात भट्टी होती का, हे विचारायला हवं. गर्भावर परिणाम करणारा प्रसंग कधीकधी आईच्या शाळेच्या वयातच घडून गेलेला असतो.

आता शिसं थेट घाव कुठे घालतं ते पाहू. बाळंतपणाची वेळ ठरवणारा एकच एक घड्याळजी नाही. वारेची तब्येत, आईचा रक्तदाब, प्रोजेस्टेरॉनचा आधार, गर्भाशयाभोवतीची सूज, असे बरेच जण मिळून वेळ ठरवतात. शिसं वार ओलांडतं. नाळेच्या रक्तातलं शिसं आईच्या रक्ताच्या बरंचसं बरोबरीने असतं. वारेत ते ऑक्सिजनच्या चळवळ्या रेणूंचा ताण वाढवतं, त्यामुळे सूज आणणारे पदार्थ तयार होतात, आणि कळा सुरू करणाऱ्या रसायनांच्या कुळातलेच ते असतात. दुसरी वाट रक्तदाबाची. शिशाने रक्तदाब चढतो, गरोदरपणात चढलेला रक्तदाब हाताबाहेर जायला लागला की आईचा जीव वाचवायला डॉक्टर बाळ लवकर बाहेर काढतात. केसपेपरवर लिहिलेलं असतं 'रक्तदाबामुळे सिझेरियन, चौतीस आठवडे'. शिशाचं नाव त्यावर येत नाही.

कॅडमियमची रीत वेगळी. वार त्याला अडवून धरते, बाळापर्यंत फारसं जाऊ देत नाही. ऐकायला बरं वाटतं, पण अडवलेला माल वारेतच साठतो. तिथे तो जस्त पुढे जाऊ देत नाही, संप्रेरकं बनवण्याच्या कामात खोडा घालतो, आणि वारच अशक्त होते. जपानमध्ये पर्यावरण आणि बालकांचा एक प्रचंड अभ्यास चालू आहे. त्यातल्या जवळपास १५ हजार गर्भवतींच्या रक्ताचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. ज्यांच्या रक्तात कॅडमियम सर्वांत जास्त होतं त्या पाव हिश्शातल्या बायकांना, सर्वांत कमी असलेल्या पाव हिश्शाच्या तुलनेत, चौतीस आठवड्यांच्या आत बाळंत होण्याचा धोका जवळपास दुप्पट होता. शिशाचा मात्र तसा संबंध तिथे दिसला नाही. याउलट पोर्तो रिकोमधल्या अभ्यासात २०२० साली शिशाचाच संबंध दिसला. काही वाचक इथे विचारतील, मग खरं कोणाचं? मला यात भांडण दिसत नाही. जपानी बायकांच्या रक्तात शिसं मुळातच फार कमी आहे, त्यामुळे कमी-जास्तीचा फरक पकडायला तिथे वावच नव्हता. आणि 'दुप्पट' हा शब्द वाचून कोणी घाबरू नये. चौतीस आठवड्यांच्या आतली बाळंतपणं शंभरात दोन-तीनच असतात, त्यांची दुप्पट म्हणजे चार ते सहा. एका बाईच्या दृष्टीने हा धोका थोडा आहे. पण सुरतेसारख्या शहरात, जिथे २०११ च्या जनगणनेतच ४४ लाख माणसं होती, तिथे तो नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागातल्या खाटा भरतो.

कॅडमियम येतं कुठून? कारखान्यातून, हे तर आहेच. पण मराठी घरात त्याचा जुना दरवाजा तंबाखूचा आहे. तंबाखूचं झाड जमिनीतलं कॅडमियम पानात ओढून घेण्यात पटाईत असतं. मुंबईत प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी १,२१७ गर्भवतींचा मागोवा घेतला आणि २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तो छापला. त्यातल्या तंबाखू घेणाऱ्या बायका विडी-सिगारेट ओढणाऱ्या नव्हत्या, त्या बहुतेक मशेरी लावणाऱ्या होत्या. त्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅम हलकी निघाली आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मली. बत्तीस आठवड्यांच्या आत बाळंत होण्याची शक्यता जवळजवळ पाचपट. याचं सगळं माप कॅडमियमच्या पदरात घालता येणार नाही, निकोटीन तिथे आहेच. पण खानदेशातून सुरतेला गेलेल्या बाईने मशेरीची डबी बरोबर नेली असेल, किंवा तिथल्या शेजारणीकडून बजर घासायला शिकली असेल, तर पांडेसऱ्याच्या धुराड्यापेक्षा ती डबी तिच्या वारेच्या जास्त जवळ आहे. दवाखान्यात 'तंबाखू खाता का?' विचारलं की ती नाही म्हणते, आणि खोटं बोलत नसते. मशेरी तिच्या लेखी दात घासायचं दंतमंजन असते. नाव घेऊन विचारावं लागतं.

दुसरा दरवाजा सराफ बाजारातला. 'केडीएम' हा शब्द सोनं घेताना आपण सगळ्यांनी ऐकलाय. दागिन्याचे सांधे जोडायला सोन्यात कॅडमियम मिसळून केलेला डाख म्हणजे केडीएम. दागिना गळ्यात घालणाऱ्या बाईला त्यापासून धोका नाही, हे पुन्हा एकदा सांगतो, कारण हा प्रश्न हमखास येतो. धोका असतो तो फुंकणीपुढे बसणाऱ्या कारागिराला, कारण कॅडमियम सोन्याच्या कितीतरी आधी उकळतं आणि धूर होऊन श्वासात जातं. त्यामुळेच भारतीय मानक ब्यूरोने ते नाकारलं आणि जस्ताचा डाख आला. एकाच खोलीत डाख लावणं, स्वयंपाक आणि झोपणं होत असेल तर कारागिराची बायकोही त्या धुराची वाटेकरी असते.

सोन्या-चांदीच्या धंद्यात आणखी एक मराठी धागा आहे. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी-विटा भागातले गलाई कारागीर देशाच्या जवळपास प्रत्येक मोठ्या शहरात आहेत. सराफाच्या दुकानातली झाडलोट, जुनी मोड, जरीची राख यातून सोनं-चांदी वेगळी काढणं हे त्यांचं काम. जुन्या जरीच्या साड्या दारोदार विकत घेणारे लोक त्या साड्या पुढे जाळतात त्या चांदीसाठीच. राखेतून चांदी गोळा करायची सर्वांत जुनी रीत शिशाची आहे. वितळलेलं शिसं चांदीला आपल्यात ओढून घेतं, मग हवेच्या झोतात शिशाचं भस्म होतं आणि चांदी उरते. ते भस्म आणि वाफ जाते कुठे? भिंतीवर, कपड्यांवर, केसांत. पुरुष घरी येतो, मूल त्याला बिलगतं, बायको त्याचा शर्ट झटकून इतर कपड्यांत भिजवते. नवऱ्याच्या धंद्याचा परिणाम घरी दिसतो हे पॉलने १८६० मध्ये लिहिलं, त्यातली एक वाट ही.

कायद्याने यातलं काही पाहिलं नाही असं नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, कळवणं सक्तीचं असलेल्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत, पहिलाच आजार शिशाच्या विषबाधेचा होता. पण कारखाना कशाला म्हणायचं याला त्या कायद्यात कामगारांच्या संख्येची अट होती, आणि दोन खोल्यांच्या घरातली भट्टी त्या अटीत कधी बसलीच नाही. सुरतेत ६ जानेवारी २०२२ ला सचिन औद्योगिक वसाहतीत टँकरमधलं रसायन गटारात सोडताना वायू पसरला आणि सहा कामगार मेले. त्याची चौकशी झाली, अटका झाल्या, बातम्या झाल्या. घरातल्या धुळीतून अंगात जाणाऱ्या शिशाची बातमी व्हायला घटनेची तारीखच नसते. मला सरकारी यंत्रणेला झोडपण्यात फार रस नाही, पण या एका बाबतीत यंत्रणा आणि आपण पत्रकार दोघेही सारखेच दोषी आहोत: आम्हाला धुराडं दिसतं, उंबरा दिसत नाही.

साडीवर खडे चिकटवणं, धागे कापणं, लेस लावणं ही कामं सुरतेतल्या मराठी बायका घरबसल्या करतात, आणि खड्यांबद्दल बऱ्याच जणी विचारतात. चमकदार खड्यांच्या काचेत शिसं असू शकतं, हे खरं. मात्र ते काचेत बंदिस्त असतं, नुसता हात लावल्याने अंगात जात नाही. खडा तोंडात धरायचा नाही, रांगतं मूल त्या चटईवर सोडायचं नाही, आणि जेवण्याआधी हात धुवायचे, इतकं पुरतं. तिथे खरी अडचण चिकटवायच्या डिंकाच्या वासाची आहे, पण तो विषय धातूंचा नाही.

घरातले बाकीचे स्रोत आता भराभर घेतो, कारण त्यातले काही तुम्ही स्वयंपाकघरात उठून लगेच पाहू शकाल. पितळेच्या भांड्याला कल्हई लावताना कथिलात स्वस्त शिसं मिसळलेलं असेल तर आमटी-चिंचेच्या सारात ते उतरतं. भंगार वितळवून ओतलेल्या अॅल्युमिनियमचं आणि हिंडालियमचंही तसंच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये अशा काही आयात भांड्यांबद्दल इशारा दिला. हळद जास्त पिवळीधमक दिसावी म्हणून तिला लेड क्रोमेट चोपडण्याची लबाडी दक्षिण आशियात सापडली आहे. बांगलादेशाने २०१९ नंतर धाडी घालून ती जवळजवळ संपवली. ही लबाडी हळकुंडावरच होते, त्यामुळे हळकुंडं आणून घरी दळणं ही पूर्ण खात्री नव्हे. सांगलीकडची, फिकट, जरा मळकट दिसणारी हळकुंडं घ्या, फार तेजाळलेली नको. सुरमा शिशाच्या खनिजाचा असू शकतो, तुपाच्या दिव्यावर धरलेलं काजळ तसं नसतं. बाजारी सिंदूर तपासणाऱ्या अमेरिकन अभ्यासात २०१७ साली बऱ्याच पुड्यांत शिसं निघालं.

दोन गोष्टींवर मात्र थांबायला हवं.

पहिली, गर्भ राहावा किंवा टिकावा म्हणून दिली जाणारी भस्मं. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य विभागाने २०११-१२ मध्ये रक्तात शिसं वाढलेल्या सहा गर्भवती शोधल्या. सहापैकी पाच भारतात जन्मलेल्या, सहाही जणी भारतातून आणलेली औषधं घेत होत्या. त्यांच्या रक्तातलं शिसं १६ पासून ६४ मायक्रोग्रॅमपर्यंत होतं. त्या औषधांत गर्भपाल रसासारखी नावं होती, म्हणजे ज्याने गर्भ पाळायचा तेच. गर्भपाल रसाच्या पारंपरिक पाठात नाग भस्म, म्हणजे शिशाचं भस्म, आणि हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचं खनिज, सांगितलेलं आहे. ही भेसळ नव्हे, तो कृतीचाच भाग आहे. शोधनाने धातू निर्विष होतो असं रसशास्त्र मानतं. त्या सहा जणींच्या रक्ताने तसं सांगितलं नाही. आयुर्वेदाच्या बाकी औषधांशी माझं भांडण नाही, पण पोटुशी बाईने नाग, वंग, पारद, हिंगूळ ही नावं असलेली गोळी घेऊ नये, आणि गोळीवर नावच नसेल तर मुळीच घेऊ नये.

दुसरी, मातीचे डोहाळे. गुजरातेत भाजलेली खायची माती 'भुतडो' म्हणून विकली जाते. आपल्याकडे पाटीवरची पेन्सिल, चुलीची खरपुडी, नव्या मडक्याचं खापर. सासूबाई हसून म्हणतात, डोहाळे आहेत, पुरवावेत. ब्रिटनमध्ये बांगलादेशी गर्भवती ज्या भाजलेल्या मातीच्या वड्या खातात त्या तपासल्यावर त्यांत आर्सेनिक, शिसं आणि कॅडमियम तिन्ही निघाली. यातला खरा पेच असा की माती खावीशी वाटणं हे बऱ्याचदा रक्तात लोह कमी असल्याचं लक्षण असतं, आणि लोह कमी असलं की आतडं लोह उचलणारे दरवाजे सताड उघडतं. त्याच दरवाज्यांतून कॅडमियम आणि शिसं आत शिरतात. म्हणजे ज्या बाईला माती खावीशी वाटते, नेमक्या तिच्याच अंगात मातीतला धातू सर्वांत जास्त मुरतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत गुजरातेतल्या गर्भवतींपैकी ६२.६ टक्के रक्तक्षयी होत्या. महाराष्ट्रात ४५.७ टक्के. सुरतेतल्या धातूंबद्दल बोलताना मला हा आकडा कुठल्याही प्रदूषण निर्देशांकापेक्षा जास्त अस्वस्थ करतो.

उपाय याच आकड्याच्या पोटात आहे. सरकारी दवाखान्यात गर्भवतीला रोज ६० मिलिग्रॅम लोहाची फॉलिक ॲसिडसह गोळी १८० दिवस आणि चौदाव्या आठवड्यापासून रोज एक ग्रॅम कॅल्शियम फुकट मिळायला हवं, असं राष्ट्रीय धोरणच आहे. या गोळ्या रक्तवाढीसाठी आणि हाडांसाठी म्हणून दिल्या जातात. त्या धातूंविरुद्धही काम करतात, हे आशाताईलाही कुणी सांगितलेलं नसतं. मेक्सिको सिटीत ६७० गर्भवतींना दोन गटांत वाटून एका गटाला रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं, दुसऱ्याला नुसती दिसायला तशीच गोळी. कॅल्शियम घेणाऱ्यांच्या रक्तातलं शिसं सरासरी ११ टक्क्यांनी उतरलं. हाडावरचा उपसा कमी झाला, म्हणून हाडातलं शिसं जागच्या जागी राहिलं. ११ टक्के थोडे वाटतील, पण हे फुकट मिळणाऱ्या गोळीचं काम आहे, त्यासाठी घर बदलावं लागत नाही की धंदा सोडावा लागत नाही. फक्त या दोन गोळ्या एकत्र घेऊ नयेत, कॅल्शियम लोहाला आत जाऊ देत नाही. एक सकाळी, एक रात्री, किंवा निदान दोन-तीन तासांचं अंतर. आणि गोळ्यांनी बाळ मोठं होतं, बाळंतपण अडतं, म्हणून त्या फडताळात साठवून ठेवणाऱ्या सासवांना एकदा कुणीतरी नीट समजवायला हवं.

कामावर जाताना काहीतरी खाऊन निघावं, रिकाम्या पोटी शिसं कितीतरी जास्त शोषलं जातं. घर कोरडं झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावं. भट्टीवर किंवा बॅटरीच्या कामावर जाणाऱ्याने कामाचे कपडे तिथेच बदलावेत, जमत नसेल तर उंबऱ्याबाहेर काढून वेगळे धुवावेत. मूल उचलण्याआधी हात आणि केस धुवावेत.

राहिली तपासणी. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात हिमोग्लोबिन, लघवी, साखर, रक्तगट बघतात, शिसं त्या यादीत नाही. सरसकट सगळ्यांचं तपासावं असंही मी म्हणणार नाही. पण बाई स्वतः किंवा घरातलं कुणी भट्टी, डाख, बॅटरी, जुना रंग खरवडणं, भंगार यात असेल, माती खात असेल, भस्मं घेत असेल, लहानपणी असल्या घरात वाढली असेल, किंवा आधीचं बाळंतपण कारण न कळता लवकर झालं असेल, तर शिरेतलं रक्त घेऊन शिशाची तपासणी करून घ्यावी. बोट टोचून नको, कातडीवरची धूळच मोजली जाते. शक्य असेल तर दिवस राहण्याआधी करावी. खरी योग्य वेळ ती आहे, कारण तेव्हा स्रोत बंद करायला वेळ हातात असतो.

निकाल ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आला, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे पहिलं काम स्रोत शोधून बंद करणं, आणि खाण्यात कमतरता असेल तर लोह-कॅल्शियम देणं. शिसं बाहेर खेचणारी औषधं गरोदरपणात सहज देत नाहीत. ४५ च्या वर गेल्यावर, तेही पहिले तीन महिने उलटल्यावर, तज्ज्ञ त्याचा विचार करतात. मधल्या पट्ट्यातल्या बायकांसाठी औषध नाही, त्यांच्यासाठी वरची सगळी खटपटच आहे.

आणि बाळ झाल्यावर अंगावर पाजायचं की नाही? दूध तयार होतानाही हाडांतून कॅल्शियम उपसलं जातं, हे वर आलंच. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या मार्गदर्शिकेनुसार आईच्या रक्तातलं शिसं ४० च्या खाली असेल तर पाजणं थांबवण्याचं कारण नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला तर आईच्या दुधाची गरज सर्वांत जास्त असते, आणि ते चोखू शकत नसताना ते दूध त्याच्यापर्यंत कसं पोचवायचं, हा पुढच्या आठवड्याचा विषय.